अंडं नाही, विष्ठाच: वरोऱ्याच्या गोट्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळं होण्याऐवजी सविस्तरच लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: वरोरा तालुक्यातल्या एका शेतात नांगरटीत चुनखडीचा एक गोटा निघाला. नांगराच्या फाळानं तो अर्धा फुटला होता आणि आत मुठीएवढी करडी-तपकिरी वस्तू दिसत होती. ती कुठल्यातरी प्राण्याची दगड झालेली विष्ठा, म्हणजे कॉप्रोलाइट आहे, असं मी मागच्या लेखात म्हटलं. तुमचं म्हणणं, हे डायनासोरचं अंडं आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, पाडल्या गावात लोक काकड भैरव म्हणून ज्या गोल दगडांना पूजत होते ती अंडी निघाली, मग आमच्याच गावाच्या वाट्याला शेण का? आणि प्रयोगशाळेत न नेता मी हे ठरवणारा कोण?

पाडल्याची गोष्ट खरी आहे. त्याच धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा शोधनिबंध २०२३ साली आला. एवढंच कशाला, आपल्या नांद-डोंगरगाव पट्ट्यातही अंडी नोंदलेली आहेत. तेव्हा इथे अंडं सापडणारच नाही, असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. हा गोटा अंडं नाही, एवढंच माझं म्हणणं.

तुमचा सगळा भर गोलाईवर आहे. पण ती गोलाई आतल्या वस्तूची नाहीच, बाहेरच्या चुन्याची आहे. ज्या थरातून हा गोटा आला त्यांना लॅमेटा थर म्हणतात; डायनासोरच्या शेवटच्या काळातली ही माती, साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे आळीपाळीनं ओला आणि कोरडा काळ असायचा. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी आटलं की साका धरतो, आणि हाड, मूळ, कुजणारा गोळा असं काही आयतं मिळालं तर त्याच्याभोवती चढत जातो. आत काहीही असो, बाहेरून गोळाच दिसणार. कित्येकदा आत काहीच नसतं. आणि आपल्याकडे काळ्या पाषाणाचेही गोल धोंडे निघतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. दर उन्हाळ्यात त्यातला एखादा ‘अंडं’ म्हणून मोबाईलवर फिरतोच.

अंड्याला कवच लागतं. लॅमेटातल्या टायटॅनोसोरच्या, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरच्या, अंड्याचं कवच साधारण १ ते ३ मिलिमीटर जाड असतं. अंडं फुटलेलं असलं तर काठाला ते सारख्या जाडीच्या रेषेसारखं दिसतं, बाहेरून बारीक पुळ्यापुळ्यांचं लागतं, आणि दहापट भिंगाखाली त्यात शेजारी शेजारी उभे राहिलेले पंख्यासारखे स्फटिक दिसतात. या गोट्याचा फुटका काठ मी उन्हात धरून इंच इंच पाहिला. चुन्याचा थर एकीकडे बोटभर जाड, दुसरीकडे नखाएवढा. त्यात ना पंखे, ना पुळ्या.

आता आतली वस्तू. तिला स्वतःची साल आहे, आणि चुना त्या सालीवरून स्वच्छ सुटतो. एक टोक बोथट, दुसरं निमुळतं. मधे दोन ठिकाणी आवळल्यासारखी खाच. एक बाजू चपटी, म्हणजे ओली असताना कशावर तरी पडली आणि तशीच बसली. आत पांढऱ्या कॅल्साइटनं, म्हणजे स्फटिक झालेल्या चुन्यानं, भरलेल्या भेगा आहेत, पण नुसत्या भेगांवर मी जात नाही, कारण साध्या चुनखडीच्या गोट्यांतही तशा भेगा पडतात. मला पटवलं ते फुटलेल्या तोंडावर विखुरलेल्या काळ्या तुसांनी. वनस्पतीचे ते तुकडे आडवेतिडवे, चिरडलेले, वेगवेगळ्या लांबीचे आहेत. अंड्यात गाळ शिरतो हे खरं, पण तो थराथरानं बसतो, असा मळल्यासारखा नाही.

तुम्ही आम्लाची परीक्षा सुचवली. ती केली होती. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबानं बाहेरचा चुना फसफसला, आतली साल जवळजवळ फसफसलीच नाही. पण त्यावरून अंडं आहे की नाही ते ठरत नाही. अंड्याचं कवचही कॅल्साइटच, तेही फसफसतंच.

प्रयोगशाळेचा आग्रह मला मान्य आहे, फक्त ती कशासाठी लागते ते वेगळं. ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आत काय काय आहे ते कळेल. त्यावरूनही प्राणी कोणता हे सांगणं कठीणच, म्हणून लेखात मी प्राण्याचं नाव घेतलं नव्हतं. ‘डायनासोरची विष्ठा’ हे शब्द तुमचे आहेत, माझे नाहीत. गोटा शेतकऱ्याच्या घरी आहे, वस्तू त्यांची आहे. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे. गोटा तिथे न्यायचा की नाही ते शेतकऱ्यानं ठरवावं.

राहिलं ‘शेणच का’. अहो, वरोऱ्याजवळचं पिसदुरा जगभरच्या जीवाश्म अभ्यासकांना माहीत आहे ते ज्या गोष्टींसाठी, त्यात ही विष्ठा वरच्या नंबरावर आहे! तिथल्या कॉप्रोलाइटांत गवताचे सिलिकेचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात ते छापून आलं. तोवर डायनासोरच्या काळात गवत असल्याचा भक्कम पुरावा नव्हता. त्या कणांत भाताच्या आणि बांबूच्या कुळाशी नातं सांगणारेही होते. अंड्यावरून घरटं कळतं, पिल्लू कसं वाढलं ते कळतं. जेवणात काय होतं ते मात्र शेणच सांगतं. आणि मोठ्या हाडांचीच हौस असेल तर शेजारच्या डोंगरगावात निघालेल्या डायनासोरच्या सांगाड्याला आज आयसिसॉरस म्हणतात, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या नावावरून. तालुक्याची मान खाली जाण्यासारखं काही घडलेलं नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की काकांच्या धुऱ्यावर असेच आणखी गोटे पडलेत. त्यांचं मला खरंच कुतूहल आहे. फोडू नका, धुऊ नका, शेंदूर तर लावूच नका. जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. एक लांबून, एक जवळून. एखादा आधीच फुटलेला असेल तर त्याच्या काठाचा फोटो उन्हात, तिरप्या प्रकाशात घ्या. सारख्या जाडीची ती रेष दिसली, तर पुढच्या लेखाचं शीर्षक तुम्हीच सुचवा.