२८ ॲव्हरेज आणि चारही चाकं: तो मेसेज चुकीचा आहे

नाशिकच्या ग्रुपवर सध्या मेसेज फिरतोय : "ग्रँड विटारा हायब्रिड, ॲव्हरेज २८, शिवाय ऑल-व्हील-ड्राइव्ह. पेठ-हरसूलच्या घाटात, द्राक्षबागेच्या चिखलात बिनधास्त! डिझेलमध्येही मिळते."

यात मारुतीच्या ग्रँड विटाराच्या दोन वेगळ्या आवृत्त्या एकत्र कालवल्या आहेत. कंपनीच्या माहितीपत्रकात व्हेरियंटचा तक्ता असतो, तो पाहिला की उलगडा होतो. लिटरमागे २७.९७ किमी हा आकडा स्ट्राँग हायब्रिडचा (म्हणजे जिची विजेची मोटर एकटीही काही अंतर गाडी चालवू शकते), आणि ती फक्त पुढच्या चाकांवर चालते. चारही चाकांना ताकद देणारी ऑलग्रिप वेगळी; तिच्यात साधं माइल्ड हायब्रिड पेट्रोल इंजिन (मोटर इंजिनाला फक्त थोडी मदत करते), तिच्या मॅन्युअल आवृत्तीचा दाखवलेला आकडा १९.३८ होता. दोन्ही आकडे चाचणीतले आहेत, घाटात ते मिळणार नाहीतच.

शंका असेल तर शोरूममध्ये खाली वाकून पाहा. ऑलग्रिपच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट (दांडा) दिसतो. स्ट्राँग हायब्रिडला तो नाहीच. ऑलग्रिपमध्ये आत गिअरजवळ ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक असं गोल बटण हवं. (सेल्समनला विचारण्यापेक्षा हे बरं.)

डिझेलचं म्हणाल, तर मारुतीने २०२० मध्येच डिझेल बंद केलं. डिझेल आणि फोर-व्हील-ड्राइव्ह हवं असेल तर आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनणारी थार आहे, पण तिच्याकडून २८ ची अपेक्षा धरू नका.

मागच्या चाकांना वेगळी मोटर लावलेले हायब्रिड आहेत, उदाहरणार्थ टोयोटाच्या महागड्या लेक्सस ब्रँडची एनएक्स; किंमत मात्र खूपच जास्त.

बुकिंगचे पैसे भरायच्या बेतात असलेल्यांना हे आधी कळवा आणि तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.