सावलीत पेव्हर कशाला, हळद लावा

"आंब्या-फणसाखाली काही नीट येत नाही, तिथे पेव्हर बसवून मोकळे व्हा" हा बागकामावरच्या एका लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. गोव्यात तर नाहीच नाही. फोंड्याकडची कुळागरं, म्हणजे एकाखाली एक पिकं घेणाऱ्या बागा, एकदा बघून या. सावई-वेरें म्हणा, केरी म्हणा, वर माड आणि पोफळी, खोडावर चढलेली मिरी, खाली केळी, अननस, आलं, सुरण. सगळा कारभार सावलीतच चालतो. आमच्या परसात फणसाखाली हळद आहे. मे अखेरीस गड्डे लावले की पहिल्या पावसात कोंब वर येतात आणि श्रावणात पातोळ्यांसाठी (हळदीच्या पानात वाफवायचा गोड पदार्थ) हातभर लांब, वासाची पानं मिळतात. गड्डे उघड्यावरच्याइतके भरत नाहीत, पण पानांना तोड नाही.

सावली-सावलीत फरक असतो, तो लेखात यायला हवा होता. माडाखाली ऊन झिरपतं, तिथे बरंच काही जमतं. आंब्याखाली गच्च सावली, वरच्या थरात मुळांचं जाळं आणि मार्च-एप्रिलमध्ये माती कोरडी ठाक. तिथे खणू नका, मुळं तुटतात. बुंध्यापासून लांब, पाचोळा आणि शेणखत घालून वीतभर उंच वाफा करा. पावसाळ्यात पाणी साचलं की आलं-हळद हमखास कुजते, म्हणून उंची हवीच. आणि घराच्या ज्या भिंतीला जूनपासून शेवाळ धरतं, तिथे अळू आणि नेचे लावा, छान फोफावतात.