लॅब नको, शनिवार द्या

"आधी मराठी शाळा वाचवा, मग रोबोट नाचवा." तासगावच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हे वाक्य पडलं आणि त्याला इतके अंगठे मिळाले की मी फोन उपडा घालून ठेवला. निमित्त साधं होतं. केंद्र सरकारने २०२६-२७ पासून तिसरीतच एआय आणि संगणकीय विचार शिकवायला सुरुवात करायचं जाहीर केलं. सहावीपासून कोडिंग हे तर २०२० च्या शैक्षणिक धोरणातच होतं. त्यावर आमच्या बॅचचा एक उत्साही मित्र, जो आता पतसंस्थेचा संचालक आहे, म्हणाला की वर्गणी काढून शाळेत सहावी ते आठवीच्या पोरांसाठी रोबोटिक्स लॅब उभी करू. परदेशातल्या मंडळींनी जरा हात सैल सोडावा. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्याचं हे यमक.

यमक जुळलं की वाद जिंकला, ही आपली जुनी खोड.

मी नोव्हायला राहते, अमेरिकेत, मिशिगनमध्ये. दिवसा गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते आणि ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत संध्याकाळी आणि शनिवारी सहावी-सातवीच्या पोरांच्या फर्स्ट लेगो लीगच्या, म्हणजे शाळकरी पोरांच्या रोबोट स्पर्धेच्या, टीमची कोच असते. बेसमेंटमध्ये स्पर्धेसारखं आठ बाय चार फुटांचं टेबल कायमचं मांडलेलं आहे. नवरा त्याला माझं दुसरं सासर म्हणतो. तेव्हा रोबोट नाचवणाऱ्यांतलीच मी एक, आणि ते वाक्य मला लागलं हे कबूलच आहे.

नाचवणं सोपं असतं हो. रिमोट हातात दिला की कुठलंही खेळणं नाचतं. या स्पर्धेत रोबोटने टेबलावर मांडलेल्या मॉडेलांपाशी जाऊन कामं करत अडीच मिनिटं स्वतःच्या अकलेवर चालायचं असतं. मध्येच हात लावला की गुण जायची भीती. ती अक्कल आदल्या महिन्यांत पोरांनी त्याच्यात भरलेली असते, आणि बहुतेक वेळा चुकीची भरलेली असते. सातवीतल्या एका मुलीचं सांगते. तिने लिहिलं होतं: पूर्ण वेगाने दोन सेकंद पुढे जा. बुधवारी रोबोट बरोबर मॉडेलसमोर येऊन थांबला. शनिवारी रात्रभर चार्ज करून आणला, तोच कोड, तेच टेबल, आणि साहेब मॉडेलवर जाऊन आदळले. तिने कोड बदलला, चाकं बदलली, सुरुवातीची जागाही बदलली, तिन्ही एकदम. आता बिघाड कशाने झाला आणि दुरुस्ती कशाने झाली, काहीच कळेना. रडारड झाली. पिझ्झा गार झाला.

मला उत्तर पहिल्या मिनिटाला माहीत होतं. पगारच त्याचा मिळतो. पण कोचने हात खिशात घालून उभं राहायचं, हा या खेळाचा नियम आहे, आणि तो पाळणं फार म्हणजे फार जड जातं. आठवडेच्या आठवडे गेले. मग एका संध्याकाळी तीच म्हणाली, बॅटरी भरलेली असली की हा जोरात पळतो. म्हणजे दोन सेकंद हे अंतरच नाही! त्यानंतर तिने सेकंद सोडले आणि चाक किती अंश फिरलं ते मोजायला लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आधीचा आकडा वहीत लिहायचा, मग पुढचं. हे तिला कोणी शिकवलं नाही. कोडिंग वगैरे त्यात नावालाच होतं.

आता मला सांगा, ही गोष्ट मराठी शाळेत घडली असती तर शाळेचं काय बुडालं असतं? तासगावातली सातवीतली पोर "बॅटरी भरली की हा पळतोय" असं म्हणाली असती, आणि माझ्या टीममधल्या पोरीपेक्षा चांगलंच म्हणाली असती. तिच्या घरी द्राक्षबाग असते. रात्री थ्री-फेज लाइट आली की मोबाइलच्या मिस्ड कॉलवर विहिरीवरची मोटर सुरू करणारा स्टार्टर तिच्या बापाने लावलेला असतो. रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, हे तिला टकटक आवाजावरून माहीत असतं. आमच्या पोरांना दरवर्षी विषय दिला जातो, एका वर्षी समुद्र, पुढच्या वर्षी पुरातत्त्व, आणि मग सहावीतली पोरं गूगलवर अडचण शोधत बसतात. तासगावात अडचण शोधायला गूगल लागत नाही.

पण ग्रुपवर पतसंस्थेच्या मित्राने लॅबचं कोटेशन टाकलं आणि माझा राग बाजू बदलून त्याच्यावर गेला. रंगीत पीडीएफ. रंगीत खुर्च्या, एसी, थ्री-डी प्रिंटर, भिंतीवर चिकटवायचा हसरा रोबोट, उद्घाटनाची फीतसुद्धा पॅकेजमध्ये असावी असा थाट. शेवटच्या पानापर्यंत गेले. सामानाची यादी होती, आणि त्या खोलीत पोरांबरोबर बसणार कोण, याला एक ओळ नव्हती. बरं, हे एका व्यापाऱ्याचं पाप म्हणावं तर सरकारी गणितही खोलीपासूनच सुरू होतं. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे पोरांनी वस्तू करून बघायच्या केंद्राच्या योजनेतल्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार लॅब उभ्या करायचं ठरलं. चांगलंच आहे. पण ज्या गुरुजींना त्या लॅबची किल्ली मिळणार, ते त्या आठवड्यात मतदार यादी घेऊन वाडी-वस्तीवर फिरत असतील, हे मला इथे बसून दिसतं आणि तिथल्यांना दिसत नाही?

सामानाचं तर काय सांगावं. लेगोने माइंडस्टॉर्म्स हा आपला रोबोटचा संच २०२२ च्या अखेरीला बंद केला. इथल्या कपाटांत ते संच पडलेत, केबल तुटली तर शोधत फिरावं लागतं. तासगावच्या शाळेने महागडा संच घेतला असता तर आज त्याची हीच गत असती, फक्त त्याच्यावर पितळी पाटी असती. रोबोटचा मेंदू म्हणून आर्डुइनोसारखा साधा सर्किट बोर्ड काहीशे रुपयांत येतो, चाकं फिरवणाऱ्या छोट्या पिवळ्या बीओ मोटर्स त्याहून स्वस्त, आणि गाडीचं अंग पुठ्ठ्याचं केलं तरी चालतं. उलट पुठ्ठाच बरा, चुकला की फेकता येतो.

इथे मी आमच्याकडचं कौतुक सांगायला लागले की ग्रुपवर "आल्या मॅडम" असं कोणीतरी लिहितंच. लिहू देत. आमच्याकडे संध्याकाळी शाळेचं कॅफेटेरिया उघडं असतं, पालक स्वतः येऊन बसतात, पंच होतात, टेबलं उचलतात, पैसे कोणी मागत नाही. जजसमोर पोरं उभी राहिली की मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही, म्हणजे नाही. "हा भाग असा का केला?" असं जज विचारतात आणि ज्या रोबोटचे वडील मेकॅनिकल इंजिनियर असतात त्याची पोरं तिथे गप्प होतात. सगळ्यांना कळतं. असे रोबोट दरवर्षी दोन-चार असतातच, आणि आडनावं वाचली तर निम्मे आपलेच निघतात. शेजारच्या डेट्रॉइट शहरातल्या गरीब शाळांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण ते माझ्या मुद्द्याच्या सोयीचं नाही.

आणि ज्यांना हे सगळं अमेरिकन फॅड वाटतं त्यांनी पाबळला जाऊन यावं. शिरूर तालुक्यात. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. पोरांनी शाळेच्या वेळातच वेल्डिंग करायचं, वायरिंग करायचं, रोपवाटिका लावायची, गावाची लहान-मोठी कामं पैसे घेऊन करून द्यायची, आणि त्यातून विज्ञान शिकायचं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे कोणीही येऊन यंत्रांवर वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक, २००२ मध्ये, बोस्टनच्या उपनगरात नाही, पाबळला झाली. मला पाबळ कोणामुळे कळलं? इथल्या एका स्पर्धेत जज म्हणून आलेल्या पांढऱ्या दाढीच्या अमेरिकन माणसामुळे. "तू महाराष्ट्रातली, मग तुला माहीतच असेल" असं म्हणाला. मी मान हलवली आणि घरी येऊन शोधलं.

असो. मुद्दा बसण्याचा होता. हात खिशात घालून, पोरांच्या चुका बघत, कंटाळा आला तरी उठून न जाता बसणारा मोठा माणूस. तो असला तर पुठ्ठ्याचा रोबोटही चालतो. तो नसला तर थ्री-डी प्रिंटरवर धूळ बसते. ग्रुपवर मी हेच लिहिलं. तेव्हा आमच्या वर्गातली एक मैत्रीण, जी तासगावातच शिक्षिका आहे आणि एरवी कधी वादात पडत नाही, तिने लिहिलं, "अगं, तुला शनिवार मिळतो गं."

मी बराच वेळ त्याला उत्तर दिलं नाही, कारण तिचं खरं आहे. मला शनिवार मिळतो. मिळतो कारण इथे माझ्या शनिवारावर कोणाचा हक्क नाही. कोणाच्या चुलत दिराचा साखरपुडा नसतो, आत्याबाईंना मिरजेला डॉक्टरकडे न्यायचं नसतं, बाराव्याला जाऊन यायचं नसतं, शेजारच्या काकू "बस गं जरा" म्हणत नाहीत. वडील गेले तेव्हाही मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. माझ्या मैत्रिणीचा शनिवार दहा माणसांत वाटलेला आहे, आणि ती दहा माणसं तिच्या आजारपणात दवाखान्याच्या बाहेर उभी राहतात. माझ्या बेसमेंटमधल्या टेबलाभोवती ज्या आया-बाप जमतात, आम्ही आंध्रचे, चीनचे, कोरियाचे, पुण्याचे, त्यातल्या कोणालाच शनिवारी जाण्यासारखं दुसरं घर नाही. आमच्या ज्या सेवाभावाचं मी ग्रुपवर कौतुक सांगते, त्यात हाही भाग आहे. नोव्हेंबरच्या शनिवारी पाचलाच अंधारून येतं, तेव्हा दहा पोरांचा गलका घरात असलेला बरा वाटतो.

तिला मी एवढं सगळं लिहिलं नाही. पण एक आठवलं ते लिहिलं. आमच्या लहानपणी पेठेतल्या मंडळाचा हलता देखावा असायचा. वायपरची मोटर, सायकलची चेन, लाकडाची कॅम, आणि राक्षसाचा हात वर-खाली. मंडळाचे दादा लोक महिनाभर रात्री जागून ते करायचे. कोणी आयटीआयचा, कोणी रिवाइंडिंगच्या दुकानातला, कोणी किर्लोस्करवाडीला कारखान्यात लागलेला. सातवी-आठवीची पोरं त्यांच्या मागे-पुढे, कोणी स्क्रू धरतंय, कोणी टॉर्च. राक्षसाचा हात अडकला की दादा म्हणायचा, "बघ तूच, कुठं अडकतंय." हात खिशात घालून उभा राहणारा कोच दुसरा कोण असतो? म्हणजे वेळ देणारी माणसं गावात होती. आजही असतील. कुपवाडच्या एमआयडीसीत पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवर, काम करणारी पोरं तासगावातून रोज जाऊन-येऊन करतात, त्यांना लाइन फॉलोअर, म्हणजे रेषेवरून चालणारा रोबोट, शिकवायला एक दुपार पुरे.

फक्त मी त्या मांडवात कधी गेले नाही. मुली देखावा तयार झाल्यावर बघायला यायच्या, नवे कपडे घालून. मी मांडवाच्या कापडाच्या फटीतून आत बघायचे, आणि सोल्डरिंगचा तो राळेचा वास मला अजून ओळखीचा वाटतो, ऑफिसच्या लॅबमध्येसुद्धा. माझ्या हातात सोल्डरिंगची गन पहिल्यांदा आली ती इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तेव्हा "आपल्या वेळी कसं छान होतं" असं ग्रुपवर कोणी लिहिलं की मी अंगठा देत नाही.

शेवटी मी लिहिलं ते असं. लॅबसाठी मी एक डॉलर देणार नाही. दोन वर्षं, दर शनिवारी, तीन तास पोरांबरोबर बसणाऱ्या दोन जणांचं मानधन देते. डिप्लोमावाले चालतील, आयटीआयवाले जास्त चालतील. सामानाला थोडे पैसे वेगळे, पण प्रिंटर नाही. बॅचमध्ये निम्म्या मुली. आणि शाळेच्या मैत्रिणीने फक्त किल्ली सांभाळायची, बसायचं नाही.

यमकवाल्याने नमस्काराचे हात टाकले, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पतसंस्थेच्या मित्राची अडचण वेगळी होती. "अगं, मानधनाचं उद्घाटन कसं करायचं? फोटो कशाचा काढायचा?" मग अर्ध्या तासाने त्याचा खासगी मेसेज आला. ट्रस्टी तयार होतील, पण देणगीदारांच्या फलकावर नाव घालायची पद्धत आहे, तेव्हा माहेरचं घालू की सासरचं?

फलक वगैरे काही नको असं मी टाइप केलं, आणि पुसलं. मग लिहिलं, माहेरचं घाल, वडिलांच्या नावासकट, आणि काना-मात्रा नीट बघून घे, गेल्या वेळी स्मरणिकेत चुकवला होतास.