नोंदणी सक्तीची नाही, हे मलाही ठाऊक आहे

'अनामिक' यांस,

स्वतंत्र गायक-संगीतकारांनी आपल्या गाण्यांची कॉपीराइट नोंदणी करून घ्यावी, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "नोंदणी सक्तीची नाहीच. नवोदितांना घाबरवून खर्चात पाडू नका. स्वतःला ईमेल केला तरी पुरतं. आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेबद्दल तर अवाक्षर नाही. आधी कायदा वाचा, मग ज्ञान पाजळा."

'ज्ञान पाजळा'! नाव झाकून असं लिहायला फार धाडस लागत नाही. हेच नीट शब्दांत विचारलं असतंत तर मीही दोन ओळींत आटोपलं असतं. लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, हे मान्य. बदलतो.

आता कायदा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं रचलं की हक्क आपोआप मिळतो, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तुम्ही तिथवर पोचला नसाल. नोंदणी नसली तरी दावा लावता येतो, असं मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी २०२१ साली स्पष्ट केलं. पण त्याच न्यायालयाचा २०१२चा एक निकाल नेमका उलटा होता. तुम्ही एका वाक्यात निकालात काढलेल्या मुद्द्यावर न्यायाधीशांचंही एकमत नव्हतं, तेव्हा जरा दमानं घ्या.

आणि सक्ती नाही म्हणजे गरज नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? त्याच कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे कॉपीराइटच्या सरकारी नोंदवहीतली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. मग ती खोटी ठरवायची जबाबदारी समोरच्यावर येते. नोंद नसेल तर "चाल माझीच आहे हो" म्हणत पुरावे गोळा करत तुम्हीच फिरायचं.

मी फिरलोय. ज्या स्टुडिओत माझं गाणं मुद्रित झालं, त्यानेच पुढे त्यावर हक्क सांगितला. माझ्याच चॅनलवरच्या माझ्याच गाण्यावर त्यांचा क्लेम! माझ्याकडे काय, तर पेटीवर गुणगुणलेली एक ऑडिओ क्लिप, तीही व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली, त्यामुळे तारीख भलतीच. त्यांच्याकडे सगळ्या मूळ फाइल्स, तारखांसकट. वकिलांनी पहिलाच प्रश्न केला, "कागद काय आहे?" शेवटी तडजोड केली. त्या गाण्याखाली आजही त्यांचं नाव आहे. सक्ती नाही म्हणून सांगणारे तेव्हाही भेटले होते. वकिलाकडे मात्र कुणी सोबत आलं नाही.

त्यानंतरची चाल मी भातखंडे स्वरलेखन पद्धतीनं वहीत लिहून काढली. कोमल निषाद हा स्वर दाखवणाऱ्या आडव्या रेघा स्कॅनमध्ये उठेनात, म्हणून ते पान गडद शाईनं पुन्हा लिहिलं. शब्दांसाठी कवीकडून ना-हरकत पत्र घेतलं आणि अर्ज ऑनलाइन भरला. एजंट लागला नाही. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळाला की आक्षेपांसाठी तीस दिवस थांबायचं, मग तपासणी.

राहता राहिला खर्च. शब्दांच्या अर्जाला ५०० रुपये, चालीच्या अर्जाला ५००, ध्वनिमुद्रणाच्या २,०००. नवोदितानं नुसती चाल नोंदवली तरी बरंच काम होतं, आणि ५०० रुपयांत बऱ्या स्टुडिओचा तासभरही मिळत नाही. यात मी कुणाला घाबरवलं? कुणाच्या खिशात हात घातला?

ईमेलनं तारीख दिसते, खुशाल करा. आयपीआरएस हा रॉयल्टीचा विषय, त्याचा या लेखाशी संबंध नव्हता. पुढेमागे लिहीन, तुमच्या फर्माइशीवर नाही.

बाकी, तुमची गाणी कुठे ऐकायला मिळतील? लिंक पाठवा, जरूर ऐकेन. तिच्यावर तरी नाव असू द्या.