संपलेला सेल उन्हात भरत नाही आणि कुंडीतही जिरत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तिघांनी पाठवला: ‘सेल संपला की दोन दिवस उन्हात ठेवा, पुन्हा चार्ज होतो. नवे सेल फ्रीजमध्ये ठेवा, दुप्पट टिकतात. अगदीच गेला तर कुंडीत पुरा, जस्ताचं खत होतं. नाहीतर बंबात टाका, काजळी निघते.’ माझा दिवस रिपेअरीच्या टेबलावर जातो. हे असंच पुढे जाऊ देणं मला जमणार नाही.

आधी ऊन. सेलमध्ये वीज भरून ठेवलेली नसते, ती तिथल्या तिथे तयार होते. साध्या पेन्सिल सेलचं डबडं जस्ताचं, मधोमध कार्बनची कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड. जस्त झिजतं, तेव्हा 1.5 व्होल्ट मिळतात. पार संपलेल्या सेलच्या जस्ताला भोकं पडलेली मी पाहिली आहेत (घरी सोलून बघू नका). ते जस्त ऊन कुठून परत आणणार? विश्रांतीनं आणि उबेनं आतली क्रिया जरा वेग घेते, घड्याळ दिवसभर चालतं, म्हणून लोकांना खरं वाटतं. पण तापलेला जुना सेल गळतोही लवकर.

ही गळती आपल्या कोल्हापुरात फार महाग पडते. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांनी अंधारात रात्री काढल्या, त्यांनी टॉर्च घेऊन ठेवली. ती पुढच्या पावसाळ्यात कपाटातून निघते तेव्हा स्प्रिंगवर पांढरी खपली असते. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपून झालेली. हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसली तर टॉर्च कधीकधी वाचते. त्यापेक्षा सेल काढून टॉर्चशेजारीच ठेवा. आणि जुना-नवा सेल एकत्र घालू नका. नवा सेल दमलेल्यातून करंट ढकलत राहतो आणि तो दमलेला फुटतो.

फ्रीजचं थोडक्यात: चांगला अल्कलाइन सेल कपाटात वर्षाला दोन-तीन टक्केच उतरतो. तेवढ्यासाठी कोल्हापूरच्या जुलैतल्या हवेत गार सेल बाहेर काढून त्यावर दव कशाला धरायचं?

खताचं म्हणणं ऊस लावणाऱ्यांना पटतं, कारण आपण झिंक सल्फेट घालतोच. पण एकरी आठ-दहा किलो, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम जस्त. एका सेलमध्ये काही ग्रॅम असतं, तेही एकाच कुंडीत, सोबत क्षार, मँगनीज आणि पत्रा. काही जुन्या किंवा हलक्या सेलमध्ये पारा, शिसं, कॅडमियमही. त्या कुंडीत तुळस असेल तर?

बंबात तर मुळीच नको. बंद डबड्यात वायू कोंडतो आणि सेल फुटतो, लिथियमचा असेल तर भडकतो. शिवाय बंबाची तीच राख पुढे भांडी घासायला जाते.

मग करायचं काय? 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे सेल इतर कचऱ्यात मिसळायचे नाहीत. एका प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा, नऊ व्होल्टच्या आणि लिथियमच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या किंवा घंटागाडीवर सांगून वेगळे द्या. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार परत घेतो, पैसेही देतो.

बटण सेल मात्र बरणीतही मुलांच्या हाताला लागता कामा नये. घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. उलटी करवू नका, रिक्षा धरा आणि सरळ सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा.