शिशाचा हिशेब

आमच्या नेमबाजीच्या क्लबात एअर रायफलने दहा मीटरवरून ज्या ठिपक्यावर नेम धरायचा, तो अर्ध्या मिलिमीटरचा असतो. राजगिऱ्याचा दाणा त्याच्याशेजारी ठेवला तर भोपळा वाटेल. त्या ठिपक्याचे गुण दहा, आणि त्यात पुन्हा दहाचेही दहा भाग पाडतात. काठाला लागला तर 10.0, अगदी गाभ्यात लागला तर 10.9. साठ फैरींचे जास्तीत जास्त गुण 654. एखाद्याचा 10.4 आणि आपला 10.2 म्हणून दोन दिवस अबोला धरणारी ही माणसं वर्षातून एकदा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात आणि 'किरकोळ व इतर खर्च रु. 41,300' या ओळीला, वडे आले का हे दाराकडे बघत, सर्वानुमते मंजुरी देतात.

यंदा मी हात वर केला.

खरं सांगायचं तर मी पंखा वाढवा म्हणून हात वर केला होता. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका बंद कारखान्याच्या माळ्यावर आमची रेंज आहे, वर पत्रा आहे, आणि सभा ऐन गरमीत होती. पण अध्यक्ष "हं, बोला, प्रश्न विचारा" म्हणाले, सगळ्या खुर्च्या कुरकुरत माझ्याकडे वळल्या, आणि एवढ्या लोकांसमोर पंख्याबद्दल बोलणं मला हलकं वाटलं. हातातल्या कागदावर जी पहिली ओळ दिसली तीच विचारली.

"किरकोळ म्हणजे काय?"

असा प्रश्न मराठी सभेत विचारू नये. म्हणजे कायद्याने विचारता येतो, पण विचारू नये. एकदम शांतता झाली. खजिनदार काकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला, परत काढला. काका 2012 साली क्लब सुरू झाल्यापासून फुकट हिशेब बघतात. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. कोणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे काकांवर विश्वास नाही का?" मी म्हणालो, "तसं नाही." पण 'तसं नाही' हे शब्द नेमके तसंच असल्यावर म्हणतात, हे मला त्या क्षणी कळलं. काका उठले, खुर्चीखालचा बुटांचा खोका काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "ही घ्या पेटी. आम्ही सुटलो."

दोन मिनिटांत तीन जणांची हिशेब तपासणी समिती झाली. सूचक, अनुमोदक, टाळ्या. समितीत मी, एक डॉक्टर, जे फक्त गणपतीत येतात, आणि एक जण, जो गेल्या वर्षीच पुण्याला राहायला गेला. मग वडे आले.

मी क्लबात आलो ऑगस्ट 2024 मध्ये. 1 ऑगस्टला पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि 1952 मधल्या खाशाबा जाधवांनंतर मराठी माणसाने एकट्याच्या जिवावर मिळवलेलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. स्वप्नील मध्य रेल्वेत टीसी होता. मध्य रेल्वेच्या टीसीचा नेम चुकत नाही हे आम्हा ठाणेकरांना कळायला पॅरिसपर्यंत जायची गरज नव्हती, पण पेपरात फोटो बघून मला स्फुरण चढलं खरं. फी भरली, जाड कॅनव्हासचं जॅकेट घेतलं. ते घातलं की माणूस वाकू शकत नाही. चप्पल सुटली तर दुसऱ्याला सांगावं लागतं. बायको म्हणाली, "पन्नाशीत माणसं योगासनं करतात, वाकायला. तुम्ही न वाकायचे पैसे भरताय."

तर पेटी घरी आली. त्याच रात्री मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपात घालण्यात आलं. नाव 'परिवर्तन'. बावीस सदस्य. कळलं की क्लबात असंतोष खदखदत होता आणि तो फक्त एका मूर्खाची वाट बघत होता. मागण्या बऱ्याच होत्या, पण मुख्य एक: कागदी कार्डं जाऊन इलेक्ट्रॉनिक टार्गेट यावीत. आमच्याकडे अजून दोरीने कार्ड ओढून आणायचं, भिंगाने बघायचं आणि भांडायचं अशी पद्धत आहे. दरवर्षी ठराव येतो, दरवर्षी काका म्हणतात, "पैसे नाहीत." त्यावर ग्रुपाचं म्हणणं एवढंच, की पैसे जातात कुठे?

मला परिवर्तनाचा अध्वर्यू ठरवण्यात आलं. मी उत्साहाने वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, "परिवर्तन म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950, कलम 22. समिती बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरीपट, जाणाऱ्यांची संमती, येणाऱ्यांची संमती, प्रतिज्ञापत्र." मी ग्रुपावर हे टाकलं. बावीसमधल्या एकोणीस जणांनी नमस्काराचे हात पाठवले. त्या दिवसापासून ग्रुपावर फक्त सुप्रभात येतं.

पण खोका माझ्या डोक्यावर होताच. एका रविवारी तो डायनिंग टेबलवर पालथा केला. व्हाउचरं, रिक्षाच्या पावत्या, लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या भागावर लिहिलेली टिपणं. काकांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, पण एकही मुंगी रांग सोडून गेलेली नाही. मी किरकोळ उलगडत गेलो. कॉम्प्रेसरचा वॉशर, 60. कॉम्प्रेसरचा वॉशर, बरोबर मापाचा, 85. लेन तीनमधली पाल काढणे, 100. हार (अध्यक्ष), 350. हार (अध्यक्ष, दुसरा, पहिला गाईने खाल्ला), 350. इलेक्ट्रिशियन, 700. इलेक्ट्रिशियनला शोधायला रिक्षा, 140. पाल परत आली, 100. ही माळ संध्याकाळपर्यंत चालली आणि बेरीज आली 41,300. एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही.

मला वाईट वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. एखादा घोटाळा उघड करायला बसावं आणि पाल निघावी. ग्रुपावर बेरीज टाकली तर सुतकी शांतता. शेवटी एकाने लिहिलं, "खर्च जमला. पण जमा? शिशाचं काय?"

शिसं! हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पेलेट, म्हणजे आमच्या रायफलचा छर्रा, शिशाची असते. बार काढला की ती कार्ड फोडून मागच्या लोखंडी पेटीत पडते, चपटी होऊन. पैसा खर्च होतो, हवा उडून जाते, पण शिसं कुठे जातं? कुठेच जात नाही. मी कॅल्क्युलेटर काढला. एक पेलेट अर्ध्या ग्रॅमहून जरा जास्त, 0.53 धरा. डब्यात पाचशे. गेल्या वर्षी 240 डबे घेतले, म्हणजे 1,20,000 पेलेट, म्हणजे 63 किलो 600 ग्रॅम. मागची वर्षं कमी सभासदांची, तरी सगळी व्हाउचरं मिळवून आकडा निघाला 430 किलोच्या आसपास. आणि तेरा वर्षांच्या एकाही जमाखर्चात 'शिसे विक्री' अशी ओळ नाही. भंगारवाला शिशाला लोखंडापेक्षा कितीतरी चांगला भाव देतो. जगातल्या कुठल्याही धंद्यात चोर असा पकडता येत नाही. इथे विकत घेतलेला माल किलोवर मोजून परत मागता येतो.

बायको म्हणाली, "मग फोन करा ना काकांना." मी म्हणालो, अशी गोष्ट फोनवर विचारत नाहीत. खरं कारण, फोनवर विचारायची माझी छाती नव्हती, आणि समोर जाऊन विचारायची तर त्याहून नव्हती. तरी गेलो. विष्णुनगरात काकांची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात पुनर्विकासाच्या सभेची नोटीस चिकटवलेली.

काकूंनी दार उघडलं. चहा झाला. मी हवामान, घोडबंदर रोड, मेट्रोचे खांब, सगळं बोलून घेतलं. मग म्हणालो, "काका, ते शिसं..."

काकांचा चेहरा असा उजळला की मी दचकलो. तेरा वर्षांत हा प्रश्न विचारणारा मी पहिलाच होतो. ते मला गॅलरीत घेऊन गेले. तिथे रंगाचे चार-चार लिटरचे डबे ओळीने मांडलेले. सतरा. प्रत्येकावर चिठ्ठी: साल, वजन, सही.

"विकलं का नाही?" मी विचारलं.

"ठराव कुठाय?" काका म्हणाले, आणि आतून 2012 सालचं इतिवृत्त घेऊन आले. शिसे जमा करून खजिनदारांनी सुरक्षित ठेवावे, विक्रीचा निर्णय पुढील सभेत घ्यावा. पुढच्या सभेत विषय होता. त्याच्या पुढच्याही. पण तो दरवेळी 'आयत्या वेळचे विषय' मध्ये असायचा, आणि आयती वेळ म्हणजे वड्यांची वेळ. "ठरावाशिवाय क्लबाची सुई मी विकणार नाही," काका म्हणाले. मी एक डबा सरकवायला गेलो. दिसायला कुल्फीवाल्याच्या डब्याएवढा, पण माझ्या पाठीतून आवाज आला आणि डबा जागचा हलला नाही. पंचवीस किलो. काकूंनी आतून सांगितलं, "सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, खालच्यांच्या गॅलरीचं प्लास्टर पडतंय. मी सांगते, पाऊस आहे."

वहीतली एकूण बेरीज 412 किलो 600 ग्रॅम. माझ्या 430 मधले सतरा-अठरा किलो कमी. काका शांतपणे म्हणाले, "ते रेंजच्या भिंतीत आहे. पेटी चुकलेले. त्यातले तुमचे किती, ते मी बोलत नाही."

ठराव झाला. पुनर्विकासामुळे घर रिकामं करायचं होतं, म्हणून विशेष सभा बोलावली. गणपूर्ती नाही, अर्धा तास तहकूब, त्याच जागी परत सुरू, मंजूर. मग पुढच्या शनिवारी सकाळी परिवर्तन ग्रुपाला हाक दिली. बावीसपैकी चार आले, त्यातले दोन हमालीला. तीन मजले, सतरा डबे, जिन्यात वळण. ऑलिम्पिकमध्ये नेमबाजी हा बसल्याउठल्याचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी तो जिना दाखवायला तयार आहे.

खाली भंगारवाला टेम्पो आणि काटा घेऊन उभा. काका आधी काट्याजवळ गेले, वाकले, आणि विचारलं, "यंदाचा शिक्का कुठाय?"

भंगारवाला हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. काकांनी खिशातून फडक्यात बांधलेली पितळी वजनं काढली. मग त्याचं हसू गेलं. अर्धा तास काट्याची परीक्षा चालली, विष्णुनगरची अर्धी गल्ली बघायला जमली. काटा पास झाला. भंगारवाल्याने घाम पुसला आणि "कच्चं बिल चालेल ना?" असं विचारलं, ते त्याने विचारायला नको होतं. तो आणखी पाऊण तास.

शेवटी वजन झालं. 410 किलो 100 ग्रॅम. काका वहीकडे बघत राहिले. अडीच किलो कमी. काटा खरा, वही खरी, डबे बंद. मी म्हणालो, "काका, चारशे किलोत अडीच म्हणजे किरकोळ..." आणि जीभ चावली.

काका तिसऱ्या मजल्याकडे निघाले. मागून मी. दारात पोचलो आणि दोघेही थांबलो. वाऱ्याने आपटू नये म्हणून गॅलरीचं दार अडवलेलं होतं, आणि अडवलं होतं एका जुन्या चहाच्या डब्याने. काकांनी तो उचलला. डबा एवढासा, पण हात खाली गेला.

"तो मिळायचा नाही," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुमचे डबे आल्यापासून ते दार लागत नाही. तेरा वर्षं गॅलरी दिली मी तुमच्या क्लबाला. वाळवण घालायला गच्चीवर जाते. भाडं मागितलं का कधी? ते दाखवलंत का कुठल्या कागदावर?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी हिशेब तपासणी समिती. खाली भंगारवाला हॉर्न वाजवत होता. मी वही उघडली आणि लिहिलं: 2 किलो 500 ग्रॅम, गॅलरीचे दार अडवण्यासाठी, ताब्यात सौ. खजिनदार. काका म्हणाले, "ताबा आहे तर सही लागेल."

काकूंनी पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि सही केली. खाली तारीख घाला म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, "आजची घालू, की तेरा वर्षांपूर्वीची?"