आकडा बदलला, खरखर तीच
बातमीत लिहिलंय की आपल्या लोकल एफएमने फ्रिक्वेन्सी बदलली म्हणून आता रेंज वाढणार, अहो नुसता आकडा बदलून रेंज कशी वाढेल, एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्येच चालतं आणि या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की संपलं. खरा फरक टॉवरची उंची आणि ट्रान्समीटरच्या पॉवरने पडतो. सातपूरपर्यंत एकदम क्लिअर, पण त्र्यंबकला जाताना अंजनेरीच्या आसपास नुसती खरखर. आधी मधेच दुसरं स्टेशन घुसायचं ते मात्र थांबलंय, मान्य. आईच्या जुन्या काट्याच्या रेडिओवर नवीन जागा सापडेना, शेवटी काचेवर नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला 😄